लॅपटॉप तापतो, गेम अडकतो, आणि नागपुरात मे महिना आहे

संत्राबर्फी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून खातं उघडलं. गरज सरो वैद्य मरो असं होणार नाही, शेवटी काय झालं ते येऊन सांगेन.

लॅपटॉप २०२१ साली घेतलेला. कोअर आय५-१०३००एच, जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, रॅम ८ जीबी, ५१२ ची एसएसडी, पडदा १२० हर्ट्झचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'ती कंपनी घेतलीसच कशाला' याच वळणावर जाईल. खेळतो दोनच गोष्टी: व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह.

त्रास दोन प्रकारचा आहे. पहिला: दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं, व्हॅलोरंटमध्ये १३०-१४० एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं). मग पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमायला लागतात, डब्ल्यू आणि एसच्या कळांवर बोट ठेववत नाही, आणि एफपीएस ६०-७० वर येऊन हिंदकळत राहतात. दुसरा: मध्येच सगळं चिखलात रुततं. गेमच काय, माउसचा बाणसुद्धा ओढत नेल्यासारखा सरकतो. दहा-बारा एफपीएस. कधी पाच मिनिटांनी आपोआप सुटतं, कधी बंद करून तासाभराने लावावा लागतो. हे रोज होत नाही, आणि नेमकं कधी होतं त्याचा पत्ता लागत नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: विंडोज नव्याने टाकलं. १४०० रुपयांचा कूलिंग पॅड आणला, पाच पंखे, निळा दिवा. फरक शून्य, दिवा मात्र छान आहे. एका दुकानात दाखवला, त्यांनी मागचं झाकणही न उघडता 'मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार' सांगितलं. खोलीत एसी नाही, कूलर आहे.

जाता जाता: टचपॅडचं डावं बटण हल्ली नीट दाबलं जात नाही. त्याचा याच्याशी संबंध नसावा, पण विचारतोच आहे तर सगळं एकदाच विचारून घेतो.

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ११:५२

अबे भाऊ, नवतपा लागाले आला. इथं मानूस हँग होऊन रायला अन् तू लॅपटॉपचं काय घेऊन बसला! माठाखाली ओली रेती असते ना, त्याच्यावर ठेव त्याले.

(गंमत करून रायलो. माहाही असाच तापते, म्हनून धाग्यावर बसतो.)

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ७:१५

एकदा फॉरमॅट मारून बघा. नव्वद टक्के प्रश्न त्यानेच सुटतात.

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी ८:०२

काका, मारलाय. वर लिहिलंय.

आकडेशास्त्री | मंगळवार, सकाळी ९:३०

लॅपटॉपची तक्रार आली की लोक आधी उपाय सांगतात आणि मग रोग विचारतात. आपण जरा उलटं करू.

'लॅग' या एका शब्दात किमान तीन दुखणी लपलेली असतात. एक नेटचं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, नागपूरहून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, वाढलं की समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो, पण तुमचे एफपीएस मात्र जागच्या जागी राहतात. त्याला चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून काही होत नाही, राउटरकडे बघावं लागतं. दुसरं झटक्यांचं: एफपीएसचा आकडा चांगला असूनही मध्येच एखादा धक्का बसतो. बहुतेकदा रॅम किंवा ग्राफिक्सची मेमरी भरलेली असते. तिसरं, काही वेळाने एफपीएसच खाली बसणं. तुमचं पहिलं दुखणं हे तिसऱ्या जातीचं दिसतंय. दुसरं कुठल्या जातीचं ते अजून सांगता येत नाही, आणि खरं तर मला त्यातच जास्त रस आहे.

एचडब्ल्यूइन्फो६४ नावाचं फुकट साधन उतरवून घ्या. उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा, खालच्या पट्टीतून लॉग सुरू करा आणि दुखणं येईपर्यंत खेळा. मला हवंय: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा क्लॉक (वेग), ग्राफिक्सचं तापमान, 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापामुळे वेग उतरवणं) पुढे येस आहे की नो, आणि बॅटरी किती टक्के. खोलीचं तापमानही. भिंतीवरचं घड्याळ-थर्मामीटर चालेल.

घारापुरी | मंगळवार, सकाळी १०:१०

आकडे येतील तेव्हा येतील. २०२१ चा लॅपटॉप, अजून उघडलेला नाही, म्हणजे पेस्ट वाळलेली असणार आणि पंख्यामागे धूळ असणार, हे मी लॅमिंग्टन रोडवर बसून सांगतो. एक गोष्ट आधीच बजावतो: यूट्यूबवर बघून पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावायला जाऊ नका. ते गॅलियमचं मिश्रण असतं. वीज वाहून नेतं, एक थेंब इकडेतिकडे गेला तर बोर्ड खलास. आणि चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकचा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यालाच खातं. साधी पेस्ट लावा.

अवांतर: कुठल्या साइटवरून 'फुकट' गेम उतरवलाय का? माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा लॅपटॉप काहीही चालू नसताना ८५ अंशांवर असायचा, आणि टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदांत शांत व्हायचा. क्रॅक केलेल्या गेमबरोबर कुणाचं तरी क्रिप्टोची नाणी खणायचं काम त्याच्या पदरात आलं होतं. ते सोंग इतकं हुशार की कुणी बघायला आलं की झोपल्याचं नाटक करायचं.

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी १०:२५

नाही दादा, दोन्ही गेम अधिकृत आहेत. जीटीए सेलमध्ये घेतलाय.

हिमवर्षाव | मंगळवार, दुपारी १२:४०

फिनलंडमधून लिहितोय. इथे मे उजाडला तरी बाल्कनीत आठ अंश. मी लॅपटॉप तिकडे ठेवून लांब वायरने खेळतो. उपयोग काहीच नाही या माहितीचा, नागपूरच्या माणसाला जळवायला लिहिली.

तर्रीपोहे | मंगळवार, दुपारी १२:४४

तुह्या बाल्कनीत आमचा कूलर पाठवू का?

कोराडीकर | मंगळवार, दुपारी ३:०५

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण कोराडीच्या वीज केंद्रात आयुष्य गेलं, त्यामुळे उष्णतेशी जन्माची ओळख आहे.

टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करावी लागते. उन्हाळ्यात कूलिंग टॉवरमधून येणारं पाणीच कोमट असतं, व्हॅक्यूम घसरतो, आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. कंडेन्सरच्या नळ्यांत आतून क्षार बसला तरी तोच परिणाम. या चिरंजीवांच्या लॅपटॉपला दोन्ही झालं असावं: हवा गरम, आणि वाट चोंदलेली. कूलिंग पॅड म्हणजे चोंदलेल्या नळीला बाहेरून वारा घालणं. नळीच्या आत काय फरक पडणार?

हिशेब साधा आहे. पंखा कितीही जोरात फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. आत जाणारी हवा २५ अंशांऐवजी ३८ ची असेल, तर तेवढ्याच भारावर आतली चिपही साधारण तेरा अंश वरच राहणार. जानेवारीत ८५ वर चालणारा लॅपटॉप मे महिन्यात ९८ वर जातो, त्यात त्याचा दोष नाही.

कूलरबद्दल: आपल्या विदर्भात हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. बाहेर ४४ अंश असताना वाळ्याच्या ताज्या ताट्यांचा कूलर २७-२८ ची हवा देऊ शकतो. मुंबईकरांनी हे करून बघू नये. पण लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बारीक पांढऱ्या पुडीसारखा सगळीकडे बसतो. बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

आकडेशास्त्री | मंगळवार, दुपारी ३:२०

काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

संत्राबर्फी | मंगळवार, रात्री ११:१५

आकडे आणले.

खोली ३६ अंश. काही न करता प्रोसेसर ६१. व्हॅलोरंट लावल्यावर बाराव्या मिनिटाला प्रोसेसर ९७-९८, क्लॉक ४.२ गिगाहर्ट्झवरून २.३ ते २.६ च्या मध्ये नाचतोय, ग्राफिक्स ८३, थर्मल थ्रॉटलिंग 'येस'. म्हणजे पहिला प्रकार तुम्ही म्हणालात तसाच.

आता दुसरा. आज नशिबाने सापडला. साधारण चाळिसाव्या मिनिटाला क्लॉक धाडकन ०.७९ गिगाहर्ट्झवर आला आणि तिथेच चिकटला. पण गंमत अशी की तेव्हा तापमान उतरून ६६ झालं होतं! थर्मल थ्रॉटलिंग 'नो'. खाली 'आयए: प्रोचॉट' अशी एक ओळ आहे, ती मात्र 'येस' झाली. ६६ अंशांवर याला काय गरम होतंय?

बॅटरी: सुरुवातीला ६१ टक्के, चिखल झाला तेव्हा २९. चार्जर पूर्ण वेळ लावलेला होता, लिहिताना लक्षात आलं. चार्जर लावलेला असताना बॅटरी उतरते कशी?

आकडेशास्त्री | मंगळवार, रात्री ११:२४

सापडलं. चार्जरवरचं लेबल वाचून सांगा. व्होल्ट किती, अँपिअर किती? आणि हाच चार्जर लॅपटॉपबरोबर आलेला का?

संत्राबर्फी | मंगळवार, रात्री ११:३१

१९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर. मूळचा दिवाळीत गेला. हा ११०० रुपयांत आणला, पिन तीच आहे, दुकानदार म्हणाला 'चालतो'. मूळच्यावर ६.९२ अँपिअर होतं, मेलेला अजून कपाटात पडून आहे.

आकडेशास्त्री | मंगळवार, रात्री ११:५८

गुणाकार करा. १९.५ गुणिले ६.९२ म्हणजे १३५ वॉट. १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९० वॉट. पिन बसते म्हणून चार्जर जुळला असं होत नाही.

आता खर्चाची बाजू. तुमचा प्रोसेसर ४५ वॉटचा, टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, त्याच्याही वर उडी मारतो. जीटीएक्स १६५० चे ५० धरा. पडदा, पंखे, एसएसडी वगैरे मिळून १५-२०. गेम चालू असताना ११० ते १२० वॉट लागतात आणि भिंतीतून येतात ९०. उरलेले वीस-पंचवीस कुठून येणार? बॅटरीतून. चाळीस मिनिटांत ३२ टक्के उतरली, हिशेब बरोबर जुळतो.

बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की बोर्ड तिच्यातून काढणं थांबवतो आणि प्रोसेसरच्या प्रोचॉट नावाच्या तारेवर इशारा देतो. ही तार मुळात 'मी भाजतोय' सांगायला आहे, पण बाहेरचे भागही ती ओढू शकतात. इशारा मिळाला की प्रोसेसर प्रश्न न विचारता ८०० मेगाहर्ट्झवर बसतो. म्हणून ६६ अंशांवर चिखल. आणि म्हणूनच रोज होत नाही: त्या दिवशी बॅटरी किती भरलेली असताना खेळायला बसलात त्यावर ते ठरतं.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या साधनात 'बीडी प्रोचॉट'ची खूण काढली की हे बंद होतं असं तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. काढू नका. इथे तो इशारा खरा आहे, फक्त तापाचा नाही, उपासमारीचा आहे.

जुनाजाणता | बुधवार, सकाळी ७:०५

व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. कूलर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर आहेत का? स्टॅबिलायझर लावा.

कोराडीकर | बुधवार, सकाळी ७:४०

स्टॅबिलायझरची गरज नाही हो. चार्जरवर बघा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यामध्ये कुठेही तो तेवढंच देतो.

रानजाई | बुधवार, सकाळी ९:१०

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा वाचत होते. तुम्ही सगळे चार्जरमध्ये अडकलात, पण त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की टचपॅडचं बटण दाबलं जात नाही. त्यावर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

आमच्याकडे ह्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपचं असंच झालं होतं. आधी बटण घट्ट झालं, मग टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागला. आयटीवाल्याने उघडला तर आत बॅटरी पापडासारखी फुगलेली, आणि तीच खालून टचपॅडला ढकलत होती. संत्राबर्फी, तुझा लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघ बरं. आणि आज चार्जिंगला लावू नकोस.

आकडेशास्त्री | बुधवार, सकाळी ९:१८

ताई, साष्टांग नमस्कार. मी ते वाक्य चक्क ओलांडून गेलो.

संत्राबर्फी, सगळं थांबवा. सहा महिने रोज बॅटरी अर्धी उतरवून परत भरलीये, तीही शेजारी ९८ अंशांचा प्रोसेसर आणि खोलीत ३६-३८ अंश असताना. फुगायला आणखी काय लागतं? बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा. फुगलेली दिसली तर दाबायची नाही, टोचायची नाही, टोकदार काहीही जवळ न्यायचं नाही. लिथियम पेटलं तर फुंकर मारून विझत नाही.

संत्राबर्फी | बुधवार, दुपारी १:३०

टेबलावर ठेवला. डुगडुगतोय.

तर्रीपोहे | बुधवार, दुपारी १:३३

बापा!

संत्राबर्फी | बुधवार, सायंकाळी ६:२०

उघडला. रूममेटला टॉर्च धरून उभा केला होता, तो दाराजवळूनच धरत होता.

मागे अकरा स्क्रू. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या त्या जागी स्क्रू सेलोटेपने चिकटवले, कारण पुढचे तीन आखूड निघाले आणि बाकीचे लांब. झाकण निघताना कटकट आवाज करत क्लिपा सुटल्या, दर वेळी वाटलं की काहीतरी मोडलं. बॅटरीत चार कप्पे आहेत. कडेचे दोन सपाट, मधले दोन उशीसारखे. वरचं काळं वेष्टन ताणून चकचकीत झालेलं. टचपॅडच्या पाठीवर त्या उशीचा गोल ठसा उमटलाय. ताई, तुमच्यामुळे.

प्लॅस्टिकच्या पट्टीने आधी कनेक्टर सोडवला, मग बॅटरीचे स्क्रू. आता ती गच्चीवर मातीच्या कुंडीत, सावलीत ठेवली आहे. हिचं करायचं काय? कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसणार एवढं कळतं.

आणि घारापुरी दादा, पंखा उघडल्यावर तुमचंही दर्शन झालं. पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मधोमध धुळीचा एक अख्खा पट्टा बसलाय, गोधडीच्या अस्तरासारखा जाड. चिमट्याने धरला तर एका तुकड्यात सोलून निघाला. पंखा तीन वर्षं भिंतीवर वारा मारत होता.

घारापुरी | बुधवार, सायंकाळी ६:४५

ती धूळ बाहेरून फुंकून कधीच निघत नाही, उलट आत जाऊन घट्ट बसते. पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेव, ब्लोअरच्या वाऱ्याने गरगर फिरू देऊ नकोस. बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते.

बॅटरी: कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा 'आम्ही घेत नाही' म्हणाले तर नम्रपणे आठवण करून दे. कुरियरने पाठवू नकोस.

उघडलाच आहेस तर पेस्टही बदल. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळेल, ९९ टक्क्यांचं घे. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, काढताना उलट क्रमाने. एकदम एकच आवळलास तर चिपच्या एका कडेवर भार येतो. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे. एमएक्स-४ चालेल. पैसे असतील तर पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची चकती: साधारण ४५ अंशांना मऊ होऊन नीट पसरते, आणि पेस्टसारखी वर्ष-दोन वर्षांत कडेला सरकत नाही. पण नक्कल फार आहे बाजारात, ओळखीचा दुकानदार असेल तरच घे.

संत्राबर्फी | शुक्रवार, रात्री १०:५०

एमएक्स-४ च आणली. जुनी पेस्ट खरवडताना आजीच्या देवघरातलं वाळलेलं गोपीचंदन आठवलं, तशीच पांढरट आणि नखाने टवके उडणारी. एका कोपऱ्यावर तर चिप उघडीच होती.

मूळ क्षमतेचा, १३५ वॉटचा चार्जर आणला. बॅटरी यायला आठवडा आहे. तोवर बिनबॅटरीचा चालवतोय. लाइट गेली की खेळ खलास.

एक मात्र आहे, बॅटरी नसताना प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही. पुन्हा काही बिघडलं का?

आकडेशास्त्री | शुक्रवार, रात्री ११:०५

नाही. क्षणभराची उडी घ्यायची तर बरेच लॅपटॉप बॅटरीचा आधार घेतात. आधार नसला की बोर्ड आधीच हात आखडता घेतो. बॅटरी येईपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आणि नवी आली की कंपनीच्या साधनात चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून टाका. कायम चार्जरवर असलेली, शंभर टक्के भरलेली आणि गरम बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते.

जुनाजाणता | शनिवार, सकाळी ७:२०

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो बंद होतो, लॅपटॉप बर्फ. माझा तीन वर्षं तसाच आहे.

घारापुरी | शनिवार, सकाळी ११:००

काका, आज तुमचं पटलं, पण निम्मंच. ९९ केलं की १०३००एच थेट २.५ गिगाहर्ट्झवर येतो. साडेचारच्या गाडीला अडीचवर बांधायचं. व्हॅलोरंट तर जवळजवळ सगळा प्रोसेसरच्या जिवावर चालतो, त्याचे एफपीएस पडणारच.

आकडेशास्त्री | शनिवार, सकाळी ११:२५

पडतात, पण किती पडतात ते मोजल्याशिवाय भांडू नका. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यावरून एकाच तांब्याच्या नळ्या जातात. प्रोसेसर थंड झाला की त्याच नळ्या ग्राफिक्सला जास्त मिळतात. जीटीएमध्ये म्हणूनच कधी कधी टर्बो बंद करून खेळ जास्त एकसारखा चालतो.

व्होल्टेज उतरवणं, म्हणजे अंडरव्होल्ट, हा सगळ्यात देखणा उपाय होता. पण २०१९ च्या शेवटी प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि बऱ्याच लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (बोर्डावरच्या मूळ प्रणालीत) ते दार बंद केलं गेलं. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'लॉक्ड' दिसलं तर नाद सोडा. जबरदस्तीने बायॉसशी खेळण्याइतका तो फायदा मोठा नाही.

माझं मत: टर्बोला हात लावण्याआधी एफपीएसला मर्यादा घाला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' आहे. पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० च चित्रं दाखवतो, तर १४० एफपीएस काढण्यात जळलेली वीज निव्वळ उष्णता म्हणून तुमच्या बोटांना मिळते. तिन्ही पद्धतींनी एकेक खेळ खेळा आणि आकडे टाका.

संत्राबर्फी | पुढचा रविवार, रात्री ९:३०

शब्द दिल्याप्रमाणे आलो. बॅटरी बसली, टचपॅडचं बटण पूर्वीसारखं टकटक वाजतं. खोली ३४ अंश (कूलर काकांनी सांगितल्याप्रमाणे बाजूला सरकवला, खिडकी चार बोटं उघडी). दर वेळी अर्धा तास व्हॅलोरंट.

टर्बो चालू, मर्यादा नाही: प्रोसेसर ८६-८८, क्लॉक ३.८ च्या आसपास, १३५ एफपीएस, शेवटपर्यंत. आधी हे १२ व्या मिनिटाला मरायचं.

९९ टक्के: प्रोसेसर ७०, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही, पण एफपीएस ९५. जुनाजाणता काका, बर्फ खरंच झाला.

टर्बो चालू, ११० ची मर्यादा: प्रोसेसर ७९, एफपीएस ११० वर रेघ आखल्यासारखे. मी यावर थांबलो. अभ्यास करताना मात्र ९९ लावतो.

०.७९ चा चिखल आठवडाभरात एकदाही आला नाही. बॅटरी खेळताना ८० वरून हलत नाही.

जीटीएमध्ये अजून शहरात जोरात गाडी चालवताना झटके बसतात. पण तेव्हा रॅम ९४ टक्के भरलेली दिसते आणि आत ८ जीबीची एकच पट्टी आहे, एक खाच रिकामी. ते पुढच्या महिन्याच्या पैशांतून.

एकूण खर्च: चार्जर २३००, बॅटरी ३४००, पेस्ट आणि आयपीए ६५०. ते चौदा हजारवालं दुकान रोज कॉलेजच्या वाटेवर लागतं. काल तिथल्या माणसाने विचारलं, 'मग, बोर्ड टाकायचा का?' मी नुसता हसलो.

रानजाई | रविवार, रात्री ९:४२

छान झालं रे. मुलाच्या लॅपटॉपचा चार्जर आत्ता उलटा करून वाचला. बरोबर आहे. हुश्श.

कोराडीकर | रविवार, रात्री १०:०५

८८ वरून ७९, नऊ अंश, केवळ भार मर्यादित ठेवून. आमच्या कंट्रोल रूममध्ये असतास तर पोरा, पेढे दिले असते. दर वर्षी होळी झाली की ती धूळ काढत जा.

तर्रीपोहे | रविवार, रात्री १०:११

माह्या चार्जरवरचं लेबलच उडून गेलं ना बे. आता?

आकडेशास्त्री | रविवार, रात्री १०:१४

लॅपटॉपच्या पोटावर मूळ व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात. तिथे वाचा आणि चार्जर तेवढ्याचाच आहे याची पावती शोधा. पावती नसेल तर खेळताना बॅटरीचा आकडा बघत बसा, उतरला तर समजा. आणि हो, आधी टेबलावर ठेवून बघा.

तर्रीपोहे | रविवार, रात्री १०:२०

ठेवला. नाई डुगडुगत. चाल, वाचलो.

संत्राबर्फी | रविवार, रात्री १०:२६

अवांतर: कूलिंग पॅड विकणे आहे. पाच पंखे, सहाशे रुपये, बर्डीवर हातोहात.

तर्रीपोहे | रविवार, रात्री १०:२७

निळा दिवा लागते का अजून?

संत्राबर्फी | रविवार, रात्री १०:२७

लागतो.

तर्रीपोहे | रविवार, रात्री १०:२८

पाचशे. उद्या पाच वाजता.